सत्त्याण्णव टनांची सुलतानहिसार

३० एप्रिल १९१५ च्या सकाळी, साडेदहाच्या सुमारास, तुर्कस्तानच्या मार्मारा समुद्रात एक पाणबुडी अचानक पाण्याबाहेर उसळली. आतल्या माणसांना वर यायचे नव्हते. त्यांची सगळी धडपड खाली राहण्याची होती, पण समुद्राने त्यांना वर लोटून दिले. वर त्यांची गाठ पडली ती युद्धनौकांच्या जगातल्या एका चिमुकल्या नौकेशी. ९७ टन वजन, ४० मीटर लांबी, पोटात कोळशाच्या भट्ट्या, आणि नाव 'सुलतानहिसार'. ऑटोमन आरमाराची ही टॉर्पेडो नौका त्या पाणबुडीपेक्षा लांबीने तोकडी होती आणि वजनाने तर सातव्या हिश्श्याएवढीच होती. तरीही काही मिनिटांत पाणबुडीला भोके पडली आणि तिच्यातली ३२ माणसे वर येऊन समुद्रात उतरली. पाणबुडी तळाला गेली. त्या ३२ जणांपैकी एकही बुडाला नाही, कारण सुलतानहिसारने त्या सगळ्यांना पाण्यातून उचलून घेतले.

टॉर्पेडो सोडून बलाढ्य जहाजे फोडावीत एवढ्यासाठीच ही नौका बांधली होती. तिने इतिहासात नाव कमावले ते मात्र टॉर्पेडोशिवाय, आणि ज्या शत्रूचा तिच्या आराखड्यात विचारही नव्हता अशा शत्रूविरुद्ध. यंत्र कशासाठी घडवले आणि ते प्रत्यक्षात कशाच्या कामी आले, यांतले अंतर किती थक्क करणारे असू शकते, हे या नौकेच्या आयुष्यात लख्ख दिसते.

स्वतःची खोली ओळखणारे शस्त्र

टॉर्पेडो नौका समजून घ्यायची तर आधी टॉर्पेडो समजून घ्यावा लागतो. १८६० च्या दशकात एड्रियाटिक समुद्राकाठच्या फियुमे गावात, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या रिएकात, रॉबर्ट व्हाइटहेड नावाचा इंग्रज अभियंता कारखाना चालवत होता. जोव्हानी लुप्पिस नावाच्या निवृत्त नौदल अधिकाऱ्याने एक कल्पना त्याच्याकडे आणली: शत्रूच्या जहाजापर्यंत आपोआप जाऊन फुटणारी, स्फोटकांनी भरलेली एक छोटी होडी. ही होडी पाण्यावरून न नेता पाण्याखालून न्यायची, असे व्हाइटहेडने ठरवले आणि १८६६ साली पहिला चालता टॉर्पेडो तयार केला. सिगारसारखी निमुळती पोलादी नळी, आत दाबून भरलेली हवा, त्या हवेवर फिरणारे इंजिन, शेपटीला पंखा आणि डोक्यात स्फोटके.

खरी अडचण पुढेच होती. पाण्याखाली सोडलेली नळी ठरलेल्या खोलीवरून सरळ कशी जाणार? जरा वर आली तर पृष्ठभागावर उड्या मारणार, खाली गेली तर जहाजाच्या तळाखालून निघून जाणार. खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढतो, याचा व्हाइटहेडने उपयोग केला. एका चकतीवर एका बाजूने समुद्राचा दाब आणि दुसऱ्या बाजूने स्प्रिंग. दाब वाढला की चकती सरके आणि टॉर्पेडोचे आडवे सुकाणू त्याला वर वळवी. एवढ्यावर भागले नाही. टॉर्पेडो वर येताना ठरलेली रेषा ओलांडून जाई, खाली येताना पुन्हा ओलांडे, आणि असा वरखाली लाटा घेत पुढे जाई. मग व्हाइटहेडने आत एक लंबक टांगला. टॉर्पेडोचे नाक वर किंवा खाली कलायला लागले की लंबक हले आणि सुकाणूला ते आधीच कळे. किती खोल आहोत हे चकती सांगे, कुठे चाललो आहोत हे लंबक सांगे. या दोघांच्या जोडीने टॉर्पेडो पाण्याखालून सुतासारखा सरळ धावू लागला. माणसाच्या देखरेखीशिवाय स्वतःची चूक ओळखून ती सुधारणाऱ्या यंत्रांत याची गणना अगदी सुरुवातीच्या काळात करावी लागेल. ही युक्ती इतकी मोलाची होती की टॉर्पेडो विकत घेणाऱ्या देशांकडून गुप्ततेची हमी घेतली जाई. १८९० च्या दशकात त्यात गतिदर्शी भोवरा, म्हणजे जायरोस्कोप बसला आणि डावी-उजवीकडची दिशाही पक्की झाली.

या शस्त्राने आरमारांचा हिशोबच बदलला. चिलखती जहाजाचे जाड पोलाद पाण्याच्या पातळीजवळ आणि तिच्यावर असते, कारण तोफगोळे तिथे येतात. पाण्याखालचे अंग त्यामानाने उघडे. तिथे एक भोक पाडले की पुढचे काम समुद्रच करतो. मग एवढे भोक पाडायला दहा हजार टनांचे जहाज कशाला हवे? टॉर्पेडो वाहून नेईल, वेगाने जवळ जाईल आणि अंधारात पसार होईल अशी हलकी नौका पुरे.

याचा पहिला धडा ऑटोमन आरमारालाच मिळाला. रशियाशी झालेल्या युद्धात, जानेवारी १८७८ मध्ये, स्टेपान माकारोव्ह या अधिकाऱ्याच्या हुकुमावरून रशियाच्या दोन छोट्या वाफेच्या होड्या रात्री बातुमी बंदराशी पोहोचल्या आणि त्यांनी दोन व्हाइटहेड टॉर्पेडो सोडले. 'इंतिबाह' हे ऑटोमन जहाज बुडाले. स्वतः चालत जाणाऱ्या टॉर्पेडोने बुडालेले जगातले हे पहिले जहाज. पुढे प्रत्येक आरमाराला टॉर्पेडो नौका हव्याशा वाटू लागल्या. हिंदुस्थान सरकारसाठीही १८८० च्या दशकाच्या अखेरीस विलायतेत अशा सात नौका बांधल्या गेल्या, आणि त्यांतल्या एकीचे नाव 'मराठा' होते. या नौकांची धास्ती इतकी वाढली की त्यांचा नाश करायला जहाजांचा एक नवा वर्गच जन्माला आला. आजच्या विनाशिका त्याच वंशातल्या.

समुद्रापासून दूर जन्मलेली

सुलतानहिसारचा जन्म समुद्रकाठी झाला नाही. फ्रान्सच्या आतल्या भागात, द्राक्षमळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बर्गंडी प्रांतात, सॉन नदीच्या काठी शालों नावाचे गाव आहे. तिथे श्नायडर कंपनीचा नौका बांधण्याचा कारखाना होता. सॉन नदी लियोंला ऱ्होन नदीला मिळते आणि ऱ्होन भूमध्य समुद्राला. नांगरल्या शेतांमधून वाहणाऱ्या या गोड्या पाण्याच्या वाटेने तिथल्या युद्धनौका खाऱ्या पाण्यापर्यंत जात. जेमतेम दोन मीटर पाण्यात तरंगणारी नौकाच असा प्रवास करू शकते.

ऑटोमन सरकारने तिथून चार नौका घेतल्या: देमिरहिसार, सिव्रीहिसार, सुलतानहिसार आणि हमिदाबाद. १९०७ साली त्या ताब्यात आल्या. प्रत्येकीवर टॉर्पेडोच्या तीन नळ्या, ३७ मिलिमीटरच्या दोन छोट्या तोफा, आणि मूळ आराखड्याप्रमाणे २० माणसांची सोय. वेग २६ नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे ४८ किलोमीटर.

आज हा वेग फार वाटणार नाही. पण त्यामागचे गणित मांडले की डोळे विस्फारतात. या नौकेच्या इंजिनाची ताकद सुमारे २,२०० अश्वशक्ती होती, म्हणजे दर टनामागे बावीसेक. त्याच आरमारात १९१० साली जर्मनीकडून घेतलेली 'बार्बारोस हायरेद्दीन' ही चिलखती युद्धनौका होती. तिचे वजन सुमारे दहा हजार टन आणि इंजिनाची ताकदही सुमारे दहा हजार अश्वशक्ती, म्हणजे टनामागे फक्त एक. टॉर्पेडो नौका म्हणजे पातळ पत्र्याच्या वेष्टनात कोंबलेले इंजिन आणि बॉयलरच. पोलादाचे चिलखत तिला नव्हतेच. वेग, ठेंगणेपणा आणि अंधार हेच तिचे चिलखत. पूर्ण वेगाने धावताना धुराड्यातून ज्वाळा बाहेर पडल्या की हे चिलखतही गळून पडे, आणि असे घडत असे. भट्टीत कोळसा टाकणाऱ्याचा हात थोडा चुकला तरी सगळ्या नौकेचा ठावठिकाणा शत्रूला कळायचा.

टॉर्पेडोचा पल्लाही किलोमीटर-दीड किलोमीटरचा, आणि नेम लागायचा तर त्याहून खूप जवळ जावे लागे. अशा नौकेवरच्या माणसांचे आयुष्य बहुतेक वाट पाहण्यात जाई: कोळसा भरणे, बॉयलर साफ करणे, टॉर्पेडो तपासणे, गस्त घालणे. सगळे ज्यासाठी, तो क्षण वर्षांतून एकदा येई किंवा कधीच येत नसे.

एकाच कारखान्यातल्या भावकीची लढत

शालोंच्या त्याच कारखान्यात त्याच सुमारास बल्गेरियासाठीही सहा टॉर्पेडो नौका बांधल्या जात होत्या. वजन तेच ९७ टन, वेग तोच २६ नॉट, टॉर्पेडोच्या नळ्याही तीनच. त्यांचे भाग काळ्या समुद्रावरच्या वार्ना बंदरात नेऊन तिथे जोडण्यात आले. म्हणजे पुढे एकमेकांवर तुटून पडणाऱ्या दोन आरमारांच्या नौका एकाच अंगणात वाढल्या होत्या.

बाल्कन युद्ध पेटले, आणि २१ नोव्हेंबर १९१२ च्या रात्री वार्नाजवळ या बल्गेरियन नौकांनी ऑटोमन क्रूझर 'हमिदिये'ला गाठले. 'द्रझ्की' नावाच्या नौकेचा टॉर्पेडो हमिदियेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाजवळ फुटला. सुमारे ३,८०० टनांचे ते जहाज पुढून पाण्यात गेले, तरी तसेच ओढत-रखडत इस्तंबूलला परतले आणि दुरुस्त होऊन पुन्हा लढले. टॉर्पेडो नौकेचे बळ आणि तिची मर्यादा या एका रात्रीत दिसते. शंभर टनांची नौका क्रूझर निकामी करू शकते, पण जहाज बुडेल की तरेल हे भोक कुठे पडले आणि आतले दरवाजे किती लवकर बंद झाले यावर ठरते.

वार्नाच्या नौदल संग्रहालयात आज 'द्रझ्की' या नावाने एक नौका जमिनीवर उभी आहे. प्रत्यक्षात ती तिची भावंड 'स्त्रोगी' आहे. तिच्याभोवती एक फेरी मारली की सुलतानहिसार केवढी असेल, याचा जिवंत अंदाज येतो. सुलतानहिसार उरली नाही, तिच्या घराण्यातली ही एक मात्र उरली.

बहिणीचे तीन टॉर्पेडो

पहिल्या महायुद्धात सुलतानहिसारसह चार ऑटोमन बहिणींत सर्वांत धाडसी वाट देमिरहिसारच्या वाट्याला आली. मार्च १९१५ मध्ये ती स्मर्ना, म्हणजे आजच्या इझमीरच्या बाजूला वावरत होती. तिथे तिने सागरी विमाने वाहून नेणाऱ्या 'अ‍ॅन रिकमर्स' या ब्रिटिश जहाजाला टॉर्पेडो मारला. जहाज जखमी झाले, पण बुडाले नाही.

१६ एप्रिलला तिला त्याहून मोठे सावज दिसले. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या गॅलिपोली मोहिमेसाठी सैनिक नेणारे 'मॅनिटू' हे ब्रिटिश जहाज एजियन समुद्रात स्कायरॉस बेटाच्या बाजूला एकटेच चालले होते. देमिरहिसारच्या जर्मन कप्तानाने त्यावरच्या माणसांना उतरायला काही मिनिटे दिली आणि मग टॉर्पेडो सोडले. तिन्ही चुकले. जहाजाला ओरखडाही आला नाही. पण उतरण्याच्या घाईत होड्या उलटल्या आणि ५१ माणसे बुडाली. टॉर्पेडोने जे केले नाही ते टॉर्पेडोच्या भीतीने केले. टॉर्पेडो संपल्यावर देमिरहिसारकडे पळ काढण्याशिवाय काही उरले नाही. ब्रिटिश जहाजांनी पाठलाग केला, आणि त्या वेळी तटस्थ असलेल्या ग्रीसच्या किऑस बेटावर तिच्या लोकांनी तिला किनाऱ्यावर चढवले. तिचे युद्ध तिथेच संपले. तीन टॉर्पेडो ही तिची सगळी पुंजी होती. ती संपल्यावर पाठलाग करणाऱ्यांपुढे तिच्या दोन छोट्या तोफा कुचकामी होत्या.

आणि दोनच आठवड्यांनी तशाच दोन छोट्या तोफांनी सुलतानहिसारला इतिहासात जागा मिळवून दिली.

समुद्राच्या आतला दुसरा समुद्र

'एई-२' ही ऑस्ट्रेलियाच्या आरमाराच्या पहिल्या दोन पाणबुड्यांपैकी एक. इंग्लंडमध्ये बांधलेली, ५५ मीटर लांब, पृष्ठभागावर ६६० टन आणि बुडल्यावर सुमारे ८०० टन. कप्तान होता डब्लिनचा हेन्री स्टोकर. 'ड्रॅक्युला' लिहिणारे ब्रॅम स्टोकर त्याच्या नात्यातले. २५ एप्रिल १९१५ च्या पहाटे दोस्त सैन्य गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरत असताना स्टोकरने एई-२ दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत घातली. सुमारे ६० किलोमीटरची ही चिंचोळी वाट पाणसुरुंगांनी भरलेली, दोन्ही काठांना तोफा, आणि पृष्ठभागावरचा प्रवाह समोरून येणारा. यापूर्वी ही वाट पार करायला निघालेली फ्रेंच 'साफिर' आणि ब्रिटिश 'ई-१५' या दोन्ही पाणबुड्या तिथेच गमावल्या होत्या. स्टोकरने चनाक गावाजवळ ऑटोमन 'पेक-इ-शेव्केत' या युद्धनौकेवर टॉर्पेडो मारून तिला जखमी केले. पाणबुडी दोनदा किल्ल्यांच्या तोफांखालीच जमिनीला लागली, दोन्ही वेळा सुटली, आणि दुसऱ्या दिवशी मार्मारात पोहोचली. ही वाट पार करून मार्मारा गाठणारी दोस्तांची ती पहिली पाणबुडी.

पाच दिवस ती मार्मारात हिंडली. ३० एप्रिलला तिच्या मागोमाग आलेल्या 'ई-१४' या पाणबुडीशी तिची भेट ठरली होती. ठरलेल्या जागी पोहोचली तेव्हा दिसली सुलतानहिसार. स्टोकरने बुडी मारली, आणि इथे मार्माराने आपले रूप दाखवले.

मार्मारा हा एकावर एक ठेवलेल्या दोन समुद्रांचा समुद्र आहे. काळ्या समुद्रात डॅन्यूबसारख्या नद्या अफाट गोडे पाणी ओततात. ते कमी खारे, हलके पाणी बॉस्फरसमधून मार्मारात येऊन वरच्या वीसेक मीटरमध्ये पसरते. खालून उलट दिशेने भूमध्य समुद्राचे खारे, जड पाणी येते. वरच्या पाण्याच्या एका किलोत साधारण २२ ग्रॅम क्षार, खालच्यात सुमारे ३८ ग्रॅम. इटलीचा लुईजी मार्सिली १६७९-८० च्या सुमारास इस्तंबूलमध्ये होता. बॉस्फरसमध्ये खालचा प्रवाह उलटा वाहतो असे तिथले कोळी सांगत. मार्सिलीने पाण्यात दोरी सोडून ते तपासले, आणि मग मध्ये पडदा असलेल्या टाकीत हलके आणि जड पाणी घालून त्यामागचे कारणही दाखवले. कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली गोष्ट अशी शास्त्रात आली.

साध्या पाण्यात बुडणारे अंडे मिठाच्या पाण्यात तरंगते, ते याच फरकामुळे. आता अंड्याच्या जागी ८०० टनांची पाणबुडी ठेवू. ती वजन आणि उत्प्लावन अगदी तोलून चालते. वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात शिरताच पाण्याची घनता सुमारे सव्वा टक्क्याने वाढते. एवढ्याने पाणबुडीला वर ढकलणारे बल नऊ-दहा टनांनी वाढते. सुलतानहिसारच्या एक दशांश वजनाएवढा जोर खालून एकदम लागला, आणि तोही नाळेला आधी व पिछाडीला नंतर, तर काय होईल? नाळ वर उचलली जाते. त्या सकाळी एई-२ चे नेमके हेच झाले: बोटीचे नाक अचानक वर झाले आणि ती पृष्ठभागावर उसळली. अनेक अभ्यासकांनी या घटनेचे कारण म्हणून पाण्याच्या या थरांकडेच बोट दाखवले आहे.

पुढचे सगळे काही मिनिटांचे. स्टोकरने पुढच्या टाकीत पाणी घेतले, तशी पाणबुडी नाक खाली करून सुळकन खोल गेली. खोलीमापकावरचा शंभर फुटांचा आकडा मागे पडला. तिला थांबवण्यासाठी पंखे उलटे फिरवले, टाक्यांतले पाणी हवेने बाहेर फेकले, आणि ती पिछाडी वर करून पुन्हा पृष्ठभागावर आली. वर सुलतानहिसारचा कप्तान अली रझा तिच्याभोवती नौका फिरवत होता. त्याने टॉर्पेडो सोडले, ते चुकले. मग ३७ मिलिमीटरच्या तोफा कडाडल्या. त्यांचा एक गोळा जेमतेम अर्ध्या किलोचा. असल्या गोळ्यांनी पाणबुडीच्या इंजिनघराला तीन ठिकाणी भोके पडली.

एखाद्या साध्या जहाजाने ही भोके बुजवली असती किंवा पंपाने पाणी उपसत बंदर गाठले असते. पाणबुडीला मात्र तीन भोके म्हणजे सर्वस्व. ती बुडी मारू शकत नाही, आणि बुडी मारता न येणारी पाणबुडी तोफांपुढे असहाय असते. एई-२ वर तर डेकवरची तोफही नव्हती. स्टोकरने सगळ्यांना वर पाठवले, पाणबुडी शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तिच्यात पाणी घेतले आणि शेवटी स्वतः पाण्यात उतरला.

शस्त्र खाली ठेवल्यावर

अली रझाच्या नौकेवर मूळ सोय विसेक माणसांची. आता पाण्यातून ३२ शत्रू तिच्यावर आले. अर्ध्या तासापूर्वी याच पाणबुडीमुळे आपली नौका धोक्यात होती, हे ठाऊक असूनही त्याने एकालाही पाण्यात सोडले नाही. पुढे अली रझाने त्या दिवसाच्या आठवणी पुस्तकरूपाने लिहिल्या, आणि स्टोकरनेही आपल्या आठवणी १९२५ मध्ये प्रसिद्ध केल्या. एकाच लढाईची दोन्ही बाजूंच्या कप्तानांनी लिहिलेली हकिकत आपल्याला वाचायला मिळते, कारण त्या सकाळी कोणी बुडाले नाही.

युद्धकैद मात्र कठोर होती. साडेतीन वर्षांत त्या ३२ पैकी चौघे दगावले. त्यांच्यातल्या काहींना टॉरस पर्वतातल्या बेलेमेदिक इथे बगदाद रेल्वेच्या कामावर नेण्यात आले. या रेल्वेशी मराठी घरांचेही एक दुःखाचे नाते आहे. एई-२ बुडाली त्यानंतर बरोबर एक वर्षाला एक दिवस कमी असताना, २९ एप्रिल १९१६ रोजी, इराकमधल्या कुत इथे ब्रिटिश-हिंदी सैन्याने शरणागती पत्करली. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कुतच्या हिंदी युद्धकैद्यांपैकी पुष्कळांना याच रेल्वेच्या पुढच्या टप्प्यावर, रास अल-ऐनच्या छावणीत, मजुरीला लावले गेले. ऑस्ट्रेलियाच्या पाणबुडीवरचे खलाशी आणि सह्याद्रीच्या गावांतले शिपाई एकाच लोहमार्गाच्या वेगवेगळ्या टोकांना येऊन पोहोचले होते.

स्टोकर युद्ध संपल्यावर सुटला आणि पुढे रंगभूमीवर व चित्रपटांत नट म्हणून वावरला.

उरलेली वर्षे

चार बहिणींपैकी देमिरहिसार किऑसच्या किनाऱ्याला गेली. हमिदाबादला १९१७ च्या ऑक्टोबरअखेरीस काळ्या समुद्रात इग्नेआदाजवळ रशियन विनाशिकांनी बुडवले. सुलतानहिसार आणि सिव्रीहिसार तगल्या. ऑक्टोबर १९१८ चा मुद्रोसचा शस्त्रसंधी झाला आणि ऑटोमन युद्धनौका अडकून पडल्या. साम्राज्य गेले, १९२३ मध्ये प्रजासत्ताक आले, आणि सुलतानहिसार नव्या तुर्की आरमाराच्या यादीत राहिली. १९२८ मध्ये ती सेवेतून निघाली आणि १९३५ मध्ये तोडली गेली. ज्या 'बार्बारोस'च्या शंभराव्या हिश्श्याएवढी ती होती, त्या बार्बारोसला ८ ऑगस्ट १९१५ रोजीच 'ई-११' या पाणबुडीने टॉर्पेडोने बुडवले होते. थोरली युद्धनौका बुडाल्यावरही चिमुकली टॉर्पेडो नौका वीस वर्षे टिकली. पाण्याखालून येणाऱ्या शस्त्राने लहान-मोठ्याचा जुना क्रम कसा उलथवला, याचा याहून स्पष्ट दाखला शोधायला नको.

एई-२ मात्र अजून आहे. १९९८ मध्ये तुर्की संशोधक सेल्चुक कोलाय यांनी मार्माराच्या तळाशी ७३ मीटर खोलीवर तिला शोधून काढले आणि ऑस्ट्रेलियातून आलेल्या गोताखोरांनी तिची ओळख पक्की केली. २०१४ मध्ये दोन्ही देशांच्या लोकांनी मिळून तिच्या आत कॅमेरा सोडला आणि पत्रा गंजू नये म्हणून तिला संरक्षक धातू जोडले. ज्यांचे आजोबा-पणजोबा एकमेकांवर तोफा रोखून होते, ते त्याच पाणबुडीला वाचवण्यासाठी एकत्र आले.

सुलतानहिसारचे नाव तुर्की आरमाराने दोनदा पुन्हा वापरले. पहिल्यांदा १९४२ मध्ये, इंग्लंडकडून आलेल्या विनाशिकेसाठी. दुसऱ्यांदा १९६४ मध्ये एका छोट्या गस्ती नौकेसाठी, आणि ही नौका अमेरिकन आराखड्याची, पाणबुड्यांचा माग काढून त्यांच्यावर हल्ला करण्यासाठीच बांधलेली होती. शालोंच्या कारखान्यात १९०७ साली ज्या कामाचा कोणी विचारही केला नव्हता, ते काम ९७ टनांच्या नौकेने एका सकाळी करून दाखवले, आणि साठ वर्षांच्या आत तिचे नाव त्याच कामासाठी घडवलेल्या जहाजावर आले. श्नायडरच्या अभियंत्यांनी तिला वेग दिला, नळ्या दिल्या, तोफा दिल्या. पण ती कोणाशी आणि कशाने लढणार हे मार्माराच्या दोन थरांनी ठरवले, आणि लढल्यानंतर ती माणसांशी कशी वागणार हे अली रझाने.